नवे, उरलेले, वापरलेले : ग्रंथविक्रेत्याचे तीन भाव आणि वाङ्मयीन प्रभावाचा कालक्रम

भारतीय भाषांतील आधुनिक साहित्यावर पाश्चात्त्य साहित्याचा पडलेला प्रभाव हा आपल्याकडील तौलनिक अभ्यासाचा एक जुना आणि बहुधा सर्वांत थकलेला विषय होय. बुद्धदेव बसू यांनी १९५६ मध्ये जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्याचा विभाग उभा केला, तेव्हापासून या विषयावर विपुल लेखन झाले. त्यातील बऱ्याच लेखनाची पद्धती ठरून गेलेली दिसते. मूळ ग्रंथाचे प्रकाशनवर्ष एका बाजूला, भारतीय कृतीचे प्रकाशनवर्ष दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये शैली, प्रतिमा व रचना यांतील साम्यस्थळांची नोंद. या दोन वर्षांच्या दरम्यान त्या ग्रंथाची एक प्रत्यक्ष प्रत कोणत्या तरी बंदरात उतरली, कोणत्या तरी दुकानाच्या फळीवर लागली आणि कोणी तरी खिशातील पैसे मोजून ती घरी नेली, ही घटना मात्र गृहीत धरली जाते. घटना कधी घडली, हे विचारले जात नाही. आणि त्या प्रतीला किती पैसे पडले, हे विचारणे तर वाङ्मयीन अभ्यासाच्या मर्यादेबाहेरचे मानले जाते.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की हा प्रश्न वाङ्मयीनच आहे. स्वतंत्र ग्रंथविक्रेत्याच्या दुकानात एकच ग्रंथ तीन भावांनी मिळू शकतो: नवा, उरलेला आणि वापरलेला. या तीन भावांना तीन निरनिराळे काळ जोडलेले असतात. नवी प्रत प्रकाशनाच्या वर्षी येते, उरलेली प्रत त्यानंतर दोन-चार वर्षांनी, आणि वापरलेली प्रत दहा किंवा चाळीस वर्षांनीही येऊ शकते. ज्या लेखकाला नवी प्रत परवडत नाही, त्याच्या वाचनाचा कालक्रम दुसऱ्या आणि तिसऱ्या भावाने ठरतो. भारतीय भाषांतील लेखकांपैकी फार मोठा वर्ग याच प्रकारचा होता.

ग्रंथव्यवहाराच्या सैद्धांतिक मांडणीतही या बाबीला उशिराच जागा मिळाली. रोबेर एस्कार्पी यांनी १९५८ मध्ये साहित्याच्या समाजशास्त्राची रूपरेषा मांडली, ती ग्रंथवितरणाची वर्तुळे वाचकवर्गानुसार वेगळी करते. रॉबर्ट डार्न्टन यांनी १९८२ मध्ये आखलेल्या सुप्रसिद्ध आकृतीत लेखक, प्रकाशक, मुद्रक, वाहतूकदार, विक्रेता आणि वाचक असे वर्तुळ आहे. वाचकापाशी पोचलेली प्रत तेथे जणू थांबते. टॉमस ॲडम्स आणि निकोलस बार्कर यांनी १९९३ मध्ये या आकृतीला पर्याय सुचविताना ग्रंथाच्या 'टिकून राहण्या'चा टप्पा अंतर्भूत केला, ही महत्त्वाची दुरुस्ती होय. तरीही टिकून राहणे वेगळे आणि पुन्हा विकले जाणे वेगळे. जुन्या ग्रंथाचा विक्रेता मृत वाचकाचा संग्रह जिवंत वाचकाच्या हाती देतो, आणि तसे करताना दोन पिढ्यांमधील अंतर एका सौद्यात मिटवतो.

तीन भावांची यंत्रणा थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. नव्या प्रतीचा भाव प्रकाशक ठरवितो. ब्रिटनमध्ये १९०० पासून अमलात असलेल्या निव्वळ किंमत कराराने विक्रेत्यांना छापील किमतीखाली ग्रंथ विकण्यास मनाई होती. हा करार १९९५ मध्ये कोसळला आणि १९९७ मध्ये अवैध ठरला. अमेरिकेत निराळी वाट निघाली. आपला ग्रंथ एका डॉलरपेक्षा कमी भावाने विकल्यास तो स्वामित्वहक्काचा भंग समजला जाईल, अशी सूचना एका प्रकाशकाने ग्रंथात छापली होती. मेसीज या दुकानाने तो ८९ सेंटला विकला. १९०८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की एकदा प्रत विकली की तिच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचे नियंत्रण उरत नाही. वापरलेल्या ग्रंथांच्या तेथील व्यापाराला कायद्याचा आधार मिळाला तो या तत्त्वाने. भारताच्या १९५७ च्या कायद्यातही एकदा विकलेली प्रत 'चलनात असलेली प्रत' मानली जाते. रद्दीवाल्याला हे कलम ठाऊक असण्याचे कारण नाही, पण त्याचा धंदा त्यावर उभा आहे.

उरलेल्या प्रतीची गोष्ट या दोहोंपेक्षा विचित्र आहे. न खपलेले ग्रंथ विक्रेत्याने प्रकाशकाला परत करावेत, ही पद्धत अमेरिकेत १९३० च्या मंदीच्या काळात रुजली. परत आलेल्या गठ्ठ्यांना गोदामाचे भाडे पडते. म्हणून प्रकाशक ते ठोक भावाने काढून टाकतो आणि ते पुन्हा नव्या म्हणून परत येऊ नयेत यासाठी पानांच्या कडेवर शाईची रेघ किंवा ठिपका उमटवितो. लेखकाला या विक्रीतून बहुधा काहीच मिळत नाही. म्हणजे ग्रंथ कोरा असतो, वाचलेला नसतो, पण बाजाराने तो नाकारलेला असतो. वाङ्मयीन दृष्ट्या येथेच मौज आहे. न्यूयॉर्क किंवा लंडनमध्ये जो कवितासंग्रह खपला नाही, तोच जहाजाने मुंबईत उतरून वाचनीय ठरू शकतो. केंद्राने टाकलेले परिघाने उचलावे, हा व्यवहार जागतिक साहित्याच्या अलीकडील सिद्धांतांत अभिप्रेत असलेल्या प्रतिष्ठेच्या उतरंडीशी जुळत नाही. पोर्टलंड येथील पॉवेल्स या १९७१ मध्ये सुरू झालेल्या दुकानाने पुढे नवी आणि वापरलेली प्रत एकाच फळीवर शेजारी ठेवण्याची रीत रूढ केली. तेथे ग्राहकाला एकाच शीर्षकाचे दोन काळ एकत्र दिसतात. आपल्याकडे ही सरमिसळ कोणत्याही धोरणाविना आधीपासूनच होती. काळबादेवीच्या एका जुन्या दुकानाचे नावच 'न्यू अँड सेकंडहँड बुकशॉप' असे होते आणि ते शंभराहून अधिक वर्षे चालले.

वापरलेल्या ग्रंथांचे भारतीय विचारविश्वातील स्थान दाखविणारे सर्वांत ठळक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात असताना त्यांनी न्यूयॉर्कमध्ये सुमारे दोन हजार जुने ग्रंथ घेतल्याची नोंद धनंजय कीर यांनी चरित्रात केली आहे. शिष्यवृत्तीच्या पैशात घरखर्चही भागवावा लागणाऱ्या विद्यार्थ्याने नव्या प्रतींचा असा संग्रह केलाच नसता. हे ग्रंथ एका परिचिताकडे सोपविले गेले आणि त्यांतील काहीच पुढे हाती आले. १९१७ मध्ये लंडनहून परतताना बोटीने पाठविलेल्या सामानातील ग्रंथ पाणतीराच्या हल्ल्यात बुडाले, त्यांची भरपाई म्हणून सहाशे रुपये मिळाले. आंबेडकरांच्या अमेरिकन बौद्धिक ऋणांचा विचार करताना गुरूंची नावे घेतली जातात, तशी ती घेतलीच पाहिजेत. परंतु न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारात त्या तीन वर्षांत काय उपलब्ध होते, हा प्रश्नही त्या ऋणांचाच भाग आहे.

लेखकाला दुकानात बोलावून वाचकांसमोर बसविण्याची प्रथा आज प्रचाराचा भाग मानली जाते. तिचा एक मोठा आदर्श पॅरिसमध्ये घडला आणि त्याचे मूळ प्रचारात नव्हते, टंचाईत होते. सिल्व्हिया बीच यांनी १९१९ मध्ये 'शेक्सपिअर अँड कंपनी' सुरू केले ते दुकान म्हणून आणि त्याहून अधिक वर्गणीचे वाचनालय म्हणून, कारण फ्रँकमध्ये मिळकत असणाऱ्याला नवे इंग्रजी ग्रंथ महाग पडत. रस्त्याच्या पलीकडे आद्रिएन मोनिए यांचे फ्रेंच ग्रंथांचे दुकान होते. तेथे ७ डिसेंबर १९२१ रोजी व्हालेरी लार्बो यांनी 'युलिसिस'वर व्याख्यान दिले, तेव्हा ग्रंथ छापून झालेलाच नव्हता. तो २ फेब्रुवारी १९२२ रोजी आला. हजार प्रतींची ती आवृत्ती आगाऊ मागणी नोंदवून काढली होती आणि कागदाच्या प्रतीनुसार १५०, २५० व ३५० फ्रँक असे तिचे भाव होते. मराठी प्रकाशनव्यवहार जाणणाऱ्याला यात आपली प्रकाशनपूर्व सवलत योजना आठवेल, एवढाच फरक की येथे सवलत नव्हती. पुढे १९३६ मध्ये दुकान बुडण्याच्या बेतात असताना आंद्रे जीद, पॉल व्हालेरी प्रभृतींनी वर्गणीदार-मित्रांसाठी तेथे स्वतः वाचन केले. दुकानाने लेखकांना सांभाळले होते, लेखकांनी काही काळ दुकानाला सांभाळले. १९४१ मध्ये जर्मन अमलाखाली ते बंद झाले.

मुंबईच्या स्ट्रँड बुक स्टॉलचा इतिहास या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात एका लहानशा स्टॉलच्या रूपाने विक्री सुरू केली. विद्यार्थिदशेत एका ग्रंथदुकानात पुस्तके चाळताना हटकले गेल्याचा अपमान त्यामागे होता, असे सांगितले जाते. दुकान पुढे फोर्टमध्ये सर फिरोजशहा मेहता मार्गावर आले आणि तेथेच शेवटपर्यंत राहिले. चाळण्याची मुभा आणि छापील किमतीवर साधारण वीस टक्के सवलत ही त्याची दोन तत्त्वे. परकीय चलनाच्या दरानुसार आयात ग्रंथाची किंमत ठरत असे त्या काळी वीस टक्क्यांचा अर्थ आजच्यापेक्षा मोठा होता. सुंदराबाई सभागृहात भरणाऱ्या स्ट्रँडच्या विक्रीप्रदर्शनात ही सवलत कित्येक ग्रंथांवर खूपच वाढे. वर वर्णिलेला दुसरा भाव, म्हणजे उरलेल्या प्रतींचा भाव, मुंबईच्या मध्यमवर्गीय वाचकाने मोठ्या प्रमाणावर अनुभवला तो अशा प्रदर्शनांत. शानभागांना २००३ मध्ये पद्मश्री मिळाली. ग्रंथविक्रेत्याला असा मान मिळणे ही दुर्मीळ गोष्ट. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०१८ मध्ये दुकान बंद झाले.

या दुकानाच्या पुतण्याचे, शब्दशः पुतण्याचे, दुकान बंगळूरला होते. टी. एस. शानभाग यांनी स्ट्रँडमध्ये उमेदवारी करून १९७१ मध्ये प्रीमियर बुकशॉप काढले. भिंतीपासून छतापर्यंत रचलेल्या ढिगांतून नेमका ग्रंथ ओढून काढण्याची त्यांची हातोटी रामचंद्र गुहा यांच्या लेखनामुळे सर्वदूर माहीत झाली. २००९ मध्ये ते बंद झाले. २०२१ च्या साथीत शानभाग गेले. चर्च स्ट्रीटवरील ब्लॉसम हे नव्या शतकाच्या आरंभीचे दुकान पदपथावरील जुन्या ग्रंथांच्या विक्रीतून वाढले आणि त्याने नव्या-जुन्यांची सरमिसळ चालू ठेवली. कानडी किनाऱ्यावरील कोकणी कुटुंबांनी मुंबई व बंगळूर या दोन शहरांच्या इंग्रजी वाचनाची घडण केली, ही गोष्ट प्रादेशिक साहित्येतिहासांच्या सीमांत कोठेच बसत नाही, म्हणून तिची चर्चाही होत नाही.

आयात प्रतींचा हा प्रवाह कायद्याच्या दृष्टीने मात्र निर्वेध नव्हता. भारतासाठी पेंग्विनकडे अनन्य हक्क असलेल्या काही ग्रंथांच्या अमेरिकन आवृत्त्या एका वितरकाने तेथे रीतसर विकत घेऊन येथे आणल्या, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ती आयात स्वामित्वहक्काचा भंग ठरविली. प्रती अस्सल होत्या, पैसे मोजलेले होते, तरी त्यांना देशाची सीमा ओलांडण्याचा अधिकार नव्हता. परदेशात कायदेशीरपणे प्रसिद्ध झालेल्या प्रतींच्या आयातीला मोकळीक देणारे परंतुक २०१० च्या दुरुस्ती विधेयकात होते. उरलेल्या प्रतींचा लोंढा येऊन भारतीय आवृत्त्या बुडतील, असा प्रकाशकांनी त्यावर आक्षेप घेतला आणि २०१२ मध्ये कायदा संमत झाला तेव्हा परंतुक त्यात नव्हते. गमतीचा भाग असा की उलट दिशेने, आशियात स्वस्त मिळणारी पाठ्यपुस्तके अमेरिकेत नेऊन विकणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या बाजूने तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निकाल दिला.

तीन भावांच्या या चौकटीत न बसणारा एक प्रकार भारतात दीर्घकाळ होता: नवा, पण वापरलेल्या ग्रंथाहून स्वस्त. सोव्हिएत प्रकाशनगृहांचे ग्रंथ अनुदानामुळे अत्यल्प किमतीत मिळत. प्रगती, मीर आणि १९८२ नंतर रादुगा या प्रकाशनांनी चेकॉव्ह, गॉर्की, दोस्तोएव्हस्की इंग्रजीतून आणि काही साहित्य थेट मराठीतूनही पोचविले. ज्या गावात इंग्रजी ग्रंथांचे दुकानच नव्हते तेथेही फिरत्या प्रदर्शनांतून ते गेले. मराठी कथा-कादंबरीच्या संदर्भात रशियन वास्तववादाचा उल्लेख वारंवार येतो आणि त्याचे श्रेय विचारसरणीला दिले जाते. विचारसरणीचा वाटा होताच. परंतु कापडी बांधणीची कादंबरी चहाच्या चार कपांच्या भावात मिळत असेल, तर ती विकत घेण्यासाठी मार्क्सवादी असण्याची अट उरत नाही. १९९१ नंतर हा स्रोत आटला, आणि तेच ग्रंथ आता पदपथावर संग्राह्य म्हणून चढ्या भावाने विकले जातात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अरुण कोलटकरांनी युनिस डिसूझा यांना दिलेल्या मुलाखतीत आपल्या आवडत्या कवी-लेखकांची एक लांबलचक यादी सांगितली, ती अभ्यासकांना परिचित आहे. तीत व्हिटमनच्या लगत मर्ढेकर व मनमोहन येतात, तुकारामांनंतर वांग वेई येतो, नामदेव ढसाळ आणि पठ्ठे बापूराव यांच्या वस्तीत ॲगाथा ख्रिस्तीही राहते. समीक्षेने या यादीत आधुनिकतावादी सर्वसमावेशकता किंवा थट्टा पाहिली. मला ती एका विशिष्ट प्रकारच्या दुकानाची मांडणी वाटते. राष्ट्र, शतक आणि प्रतिष्ठा या तिन्ही निकषांनी लावलेली फळी विद्यापीठाच्या ग्रंथालयात असते; जुन्या ग्रंथांच्या ढिगात ती नसते. तेथे रहस्यकथा आणि रिल्के एकाच गठ्ठ्यातून निघतात, कारण दोन्ही एकाच घरातून आलेले असतात. हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. त्याच यादीत अमेरिकन ब्लूज गायक आणि चित्रपट दिग्दर्शकही आहेत, ते कोणत्याही ग्रंथविक्रेत्याकडून आलेले नाहीत. पण फोर्ट आणि काळा घोडा यांच्या परिसरात आयुष्य काढलेल्या या द्विभाषिक कवीच्या संदर्भांचा कालक्रम लावताना, पॅरिस किंवा सॅन फ्रान्सिस्कोतील प्रकाशनवर्षे धरून चालणे त्या अनुमानाहून अधिक धाडसाचे आहे.

मराठी ग्रंथाच्या बाबतीत तीन भावांची रचना बदलते. येथे सवलत ग्रंथ उरल्यावर मिळण्याऐवजी निघण्यापूर्वी मिळते. अकराशे प्रतींची आवृत्ती हे रूढ माप, आणि तिचा मोठा हिस्सा सार्वजनिक ग्रंथालये घेतात. शिल्लक प्रती ठोक भावाने काढून टाकण्याची संघटित व्यवस्था नसल्याने त्या प्रकाशकाच्या गोदामात वर्षानुवर्षे पडून राहतात. म्हणून वापरलेला मराठी ग्रंथ पदपथावर येतो तो बहुधा कोणत्या तरी तालुक्याच्या वाचनालयाचा शिक्का घेऊन, आणि मागच्या पानावर तो नेल्या-आणल्याच्या तारखा असतात. या तारखा म्हणजे वाचनाचा थेट पुरावा, पण ग्रंथालय प्रत काढून टाकते तेव्हा त्या पुराव्याचा संबंध तुटतो. लेखक-वाचक भेटीचे स्वरूपही आपल्याकडे निराळे झाले. गिरगावातील मॅजेस्टिकने 'गप्पा' हा उपक्रम रुजविला तो दुकानाबाहेर, पार्ल्याच्या मोकळ्या जागेत. श्रोता तिकीट काढून व्याख्यानमालेला यावा तसा येई आणि ग्रंथ बाजूच्या टेबलांवर असत. मोनिए यांच्या दुकानात पन्नास पावलांवर फळी होती. येथे वक्तृत्व आधी आणि ग्रंथ नंतर. वसंत व्याख्यानमालेची परंपरा असलेल्या समाजात हे स्वाभाविकच होते.

या साऱ्याचा अभ्यास कशाच्या आधारे करावा, ही खरी अडचण आहे. बीच यांच्या वाचनालयातील सभासदांची कार्डे प्रिन्स्टन विद्यापीठाने जपली आणि अलीकडे संगणकावर आणली. त्यामुळे हेमिंग्वेने कोणता ग्रंथ कोणत्या दिवशी नेला हे आज सांगता येते. वाचनालय होते म्हणून कार्डे होती. केवळ विक्री करणारे दुकान ग्राहकाचे नावच लिहीत नाही, आणि पदपथावर तर पावतीही नसते. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या परिसरातील जुन्या ग्रंथांचे विक्रेते २००५ च्या महापालिका कारवाईत हटविले गेले. दिल्लीत दर्यागंजचा रविवारचा बाजार, ज्यावर या शहरातील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांचे संग्रह उभे राहिले, २०१९ मध्ये न्यायालयीन आदेशानंतर पदपथावरून उठला आणि आसफ अली मार्गावरील महिला हाटच्या आवारात गेला. बाजार जगला हे खरे, परंतु कोणत्या कोपऱ्यावर कोणत्या विषयाचे ढीग असत, हा वाचकांच्या सवयीत साठलेला नकाशा त्या दिवशी निरुपयोगी झाला.

उरते ते प्रतींवरच्या खुणांचे साहित्य: कडेवरची शाईची रेघ, पहिल्या पानावरचे नाव, खरेदीचे गाव व तारीख, पेन्सिलीने खोडून पुन्हा लिहिलेला भाव. लेखकांचे व्यक्तिगत संग्रह संस्थांकडे येतात तेव्हा सूचीत शीर्षक, लेखक व वर्ष एवढेच उतरविले जाते. या खुणांसाठी सूचीत रकाना नसतो. तो ठेवण्यास खर्च फारसा नाही. विक्रेत्यांच्या आणि ग्राहकांच्या आठवणी नोंदविण्याचे काम त्याहून तातडीचे आहे, कारण १९५० च्या दशकात स्ट्रँडमध्ये उभे राहून ग्रंथ चाळणारे विद्यार्थी आज नव्वदीच्या घरात आहेत.